कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक : चरित्र आणि गीतसेवा

महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा मागील इतिहास आठवावा, ज्या धर्मगुरूंनीं व श्रद्धाळू स्त्रीपुरुषांनीं हें देवमंदिर उभें केलें त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें, अशी आपली जुनी रीत आहे. तें कर्तव्य या स्मरणिकेंतील इतर लेखकांकडे आहे. आम्ही मात्र वाचकांस क्षणभर वेशीबाहेर नेऊं इच्छितों. ज्यांच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचेही नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे प्रोटेस्टंट पाद्री होते. असें असतां त्यांस येथें स्थान कां द्यावें, असा प्रश्न एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या मनांत उभा राहिला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसानें देवाशीं कोणत्या शब्दांत बोलावें व कोणत्या चालीवर गावें, हा प्रश्न जितका त्यांचा होता तितकाच आपलाही आहे. रेव्हरंड टिळकांनीं त्या प्रश्नाचें उत्तर आपल्या गीतांनीं दिलें, आणि त्यासाठीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें जें मोल भरलें तें थोडें नव्हतें. त्या उत्तराचा लाभ आज सर्व मराठी ख्रिस्ती जनांस होत आहे. ज्याचा लाभ घेतला त्याचें ऋण मान्य करावें, हा तर साधा शिष्टाचार होय.

जन्म आणि शिक्षण

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असून स्वभावानें करडे होते. आई जानकीबाई कोमल मनाच्या होत्या. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतांच आईचें छत्र नाहींसें झालें. पुढें आईविषयीं व मुलांविषयीं टिळकांनीं जें काव्य लिहिलें त्याचा झरा या वियोगांतच उगम पावला असावा, असें आम्हांस वाटतें. आईच्या मागें त्या घरांत त्यांचें मन रमलें नाहीं. ते नाशिकास आले व तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शिक्षण बेताचेंच झालें. परंतु संस्कृत वृत्तांवर व मराठी संतकवींच्या वाणीवर त्यांनीं जें प्रभुत्व मिळविलें तें जन्मभर उपयोगीं पडलें.

१८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं झाला. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. विवाहाच्या वेळीं त्या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पति विद्वान, उदार, परंतु एका जागीं न टिकणारे. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, हातीं आलेला पैसा दुसऱ्याची गरज दिसतांच देऊन टाकावयाचा, आणि घरीं चूल कशी पेटते याची विचारपूस मागाहून करावयाची, असा त्यांचा संसार होता. फिरत फिरत ते नागपुरास आले. तेथें अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांस मिळाला. तेथेंच त्यांनीं ‘ऋषि’ नांवाचें नियतकालिकही चालविलें.

या काळांत त्यांच्या मनास एका विचारानें घेरलें होतें. आपला देश जातिभेदानें पोखरला आहे. माणूस माणसाच्या सावलीस विटाळ मानतो. अशा समाजास उभें करील असा धर्म कोणता? शास्त्रार्थानें त्यांचें समाधान होत नव्हतें.

आगगाडींतील भेट

१८९३ सालीं राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां त्यांची एका युरोपियन प्रवाशाशीं गांठ पडली. गृहस्थ सौजन्यशील होता. संभाषण काव्यावरून धर्माकडे वळलें. निरोप घेतांना त्यानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत ठेविली आणि दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांस तें तेव्हां अशक्य कोटींतलें वाटलें. तथापि त्यांनीं पुस्तक वाचावयास घेतलें. आरंभीं त्यांत त्यांचें मन लागेना. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पर्वतावरील प्रवचनापर्यंत येतांच ते तेथें जे खिळले ते खिळलेच. ज्या प्रश्नांनीं त्यांचा जीव व्याकूळ झाला होता त्यांचीं उत्तरें त्यांना त्या तीन अध्यायांत सांपडलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्यांच्या मनाची भूमि यापूर्वींच नांगरलेली होती, आणि ती तुकोबांच्या अभंगांनीं नांगरलेली होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, अशा अर्थाचे उद्गार टिळक पुढें काढीत असत. देवाकडे कर्मठपणानें न जातां लेकरानें आईकडे जावें तसें जावें, ही शिकवण त्यांनीं आधीं देहूच्या वाण्याकडून घेतली होती. म्हणूनच ख्रिस्ती होतांना त्यांस आपलें मराठीपण टाकावें लागलें नाहीं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत, अमेरिकन मिशनच्या भेंडीबाजारांतील देवमंदिरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो त्यांस रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय पाद्रींनीं दिला. प्रवाशाच्या भाकितास दोन वर्षें उलटून गेलीं नव्हतीं.

घराची होळी आणि पुनर्मीलन

बाप्तिस्म्याची ही हकीकत येथेंच संपविली तर आम्ही वाचकांस अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. टिळकांनीं हें पाऊल पत्नीच्या संमतीवांचून उचललें होतें. लक्ष्मीबाईंच्या पदरीं लहानगा दत्तू होता. सोंवळ्याओंवळ्याच्या कडक वातावरणांत वाढलेल्या त्या तरुण स्त्रीवर एका दिवसांत आभाळ कोसळलें. पति जिवंत असून गमावला. नातेवाइकांच्या आधारावर, कधीं पंढरपुरास तर कधीं अन्यत्र, दिवस कंठावे लागले. त्या दुःखाचें वर्णन त्यांनीं स्वतःच पुढें केलें आहे व तें वाचतांना कठोर मनुष्याच्याही डोळ्यांस पाणी येतें. आम्ही येथें टिळकांचा कैवार घेत नाहीं. सत्याची हांक ऐकून निघालेल्या माणसानें घरच्या माणसांस किती व कसें सांगावें, हा प्रश्न अवघड आहे, आणि त्या प्रसंगीं सर्वांत जड ओझें ज्या खांद्यांवर पडलें ते खांदे टिळकांचे नव्हते, लक्ष्मीबाईंचे होते.

परंतु टिळकांच्या बाजूनें एक गोष्ट निश्चित सांगतां येते. ख्रिस्ती झालेल्या माणसास, जोडीदार एकत्र राहण्यास तयार नसल्यास, विवाहबंधन सोडवून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्यानें दिलेली होती. टिळकांनीं ती वाट धरिली नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. सुमारें साडेचार वर्षांनीं लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्याही आपला सोंवळा स्वयंपाक वेगळा ठेवून. पतीनें त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाहीं. हळूहळू त्यांच्याच मनांत विचाराचें चक्र फिरूं लागलें. देवानें माणसें निर्माण केलीं, जाति तर माणसांनीं केल्या. मग विटाळ कोणाचा व कोणास? असा निर्णय त्यांनीं आपल्या बुद्धीनें केला, सर्वांच्या हातचें पाणी व अन्न घेण्यास आरंभ केला, आणि १९०० सालीं राहुरी येथें बाप्तिस्मा घेतला. ज्या घराची होळी झाली होती तें घर पुन्हां उभें राहिलें, व या वेळीं त्याचा दरवाजा कोणासही बंद नव्हता.

नगरचें वास्तव्य

टिळकांच्या आयुष्यांतील पुढील काळ मुख्यतः अहमदनगरास गेला. तेथील मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत ते अध्यापन करीत. १९०४ सालीं त्यांस पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. १८४२ पासून निघत असलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होतें. मुलांसाठीं ‘बालबोधमेवा’ या मासिकांतूनही ते लिहीत. त्यांच्या घरीं पोरक्या मुलांचा, निराश्रितांचा व होतकरू कवींचा राबता असे. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत ज्यांस ‘बालकवि’ ही पदवी मिळाली ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे कांहीं काळ याच घरांत पुत्रासारखे राहिले. ब्राह्मण समाजानें ज्या टिळकांस एकेकाळीं वाळींत टाकलें होतें, त्यांच्याच घरीं एका हिंदु कवीनें निःशंकपणें राहावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

मराठी शाळेंत शिकलेल्या अनेकांस टिळक ठाऊक आहेत ते ‘केवढें हें क्रौर्य’ या जखमी पक्षिणीवरील कवितेमुळें. फुलांचे व मुलांचे कवि अशी त्यांची ख्याति झाली. केशवसुतांच्या पिढींतील नव्या कवितेच्या उभारणींत त्यांचा वांटा मोठा आहे. परंतु त्या काव्याचा विचार साहित्याच्या इतिहासकारांनीं केला आहे. आम्हांस येथें त्यांच्या गीतांकडे वळावयाचें आहे.

गीतांचें मर्म

गेल्या शतकापूर्वीं मराठी मंडळ्यांत जीं स्तोत्रें गाइलीं जात त्यांतील पुष्कळशीं इंग्रजी स्तोत्रांचीं भाषांतरें असून तीं मूळच्याच चालींवर बसविलेलीं होतीं. हेतु चांगला, परंतु अडचण मोठी. इंग्रजी पद्याचा ठेका शब्दांतील आघातावर चालतो. मराठी पद्याचा डौल लघु-गुरु अक्षरांवर व अक्षरसंख्येवर उभा आहे. मराठी शब्द इंग्रजी चालींत कोंबले म्हणजे ऱ्हस्वाचें दीर्घ करावें लागतें, दीर्घ अक्षर आंखडावें लागतें, आणि एका शब्दाचे दोन तुकडे होऊन अर्थ भलतीकडेच जातो. शिकलेला माणूस पुस्तक समोर धरून कसेंबसें गाई. शेतांत राबणारी व अक्षरओळख नसलेली बाई ओठ मिटून उभी राही.

ही अडचण प्रथम टिळकांनाच जाणवली असें नाहीं. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं त्यांच्याआधीं देशी चालींवर गीतें रचिलीं होतीं व कीर्तनाचाही उपयोग केला होता. परंतु टिळकांनीं त्या ओढ्याची नदी केली. ज्यास उपजत काव्यशक्ति आहे, ज्यानें संस्कृत व संतवाङ्मय पचविलें आहे आणि ज्याच्या अंतःकरणांत ख्रिस्तभक्ति उसळत आहे, असा मनुष्य मराठी मंडळीस प्रथमच लाभला. पदें, अभंग, ओव्या, आर्या, भजनें, कीर्तनें, मुलांचीं गाणीं, असें नाना प्रकारें त्यांनीं लिहिलें. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत सुमारें सातशें गीतांपैकीं अडीचशेंवर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचीं होतीं. ‘अभंगांजलि’ या संग्रहांत त्यांच्या भक्तीचा गाभा सांपडतो.

अभंगाची घडण वाचकांस परिचित आहे. सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक, आणि शेवटचा तोकडा चरण वाक्यास विसावा देणारा. ओवी त्याहूनही मोकळी. तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आंखूड. यांस वाद्य नसलें तरी चालतें, पुस्तक नसलें तरी चालतें. जात्यावर, वाटेनें, पाळण्यापाशीं ती म्हणतां येते, आणि एकदां ऐकली कीं मनांत राहते. उपदेशकानें तासभर सांगितलेलें जें विसरलें जातें तें चार चरणांत बांधलें म्हणजे नातवापर्यंत पोंचतें. टिळकांनीं हें साधन निवडलें यांत त्यांची रसिकता तर आहेच, शिवाय मेंढपाळाची दूरदृष्टिही आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. ज्यांस गांवाच्या देवळाची पायरीही चढूं दिली जात नव्हती, त्यांच्या ओठीं आतां एका संस्कृतज्ञ ब्राह्मणानें रचिलेलीं गीतें होतीं, आणि तो ब्राह्मण त्यांच्याच पंक्तीस बसून तीं गात होता. पांडित्याचा भार त्यानें त्या गीतांवर घातला नाहीं. शब्द सोपे, भाव खोल. जातिभेदाविरुद्ध अनेक व्याख्यानें झालीं; परंतु एका सुरांत गाणारी अशी सभा हेंच त्याविरुद्धचें अधिक बोलकें व्याख्यान होतें.

त्या गीतांत प्रभु येशू परका दिसत नाहीं. तो गुरु आहे, सखा आहे, आणि विशेषतः माउली आहे. वारकऱ्यांनीं विठ्ठलास व ज्ञानदेवांस ज्या नांवानें हांक मारली तीच हांक टिळक ख्रिस्तास मारतात. कोणास हें धाडस वाटेल. परंतु पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास यांत नवल वाटूं नये. परमेश्वराच्या प्रेमास यशया संदेष्ट्यानें आईच्या प्रेमाची उपमा दिली आहे, आणि यरुशलेमेविषयीं शोक करितांना प्रभूनें स्वतःस पिलें पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आहे.

आपला विसरलेला वारसा

येथें कॅथॉलिक वाचकानें एक गोष्ट आठवावी. ओवींत ख्रिस्तचरित्र गाण्याचा उपक्रम मराठींत प्रथम आपल्याच ख्रिस्तसभेंत झाला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेज्विट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले व साष्टींत त्यांनीं आयुष्य वेंचलें. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेच्या गौरवासाठीं आजही वाखाणला जातो. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस आपलीं पुराणें सोडावीं लागलीं, मग त्यांच्या कानांस व मनास गोड वाटेल असें दुसरें कांहीं द्यावें, ही त्यामागची करुणा होती. फादर एत्येन द ला क्रुआ यांनींही संत पेत्रावर असेंच ओवीबद्ध पुराण रचिलें. देवमंदिरांत व घरोघर हे ग्रंथ वाचले जात.

पुढें काय झालें तें सांगतांना संकोच वाटतो, तरी तें सांगितलें पाहिजे. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनें हुकूम काढिला कीं, एतद्देशीयांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा हुकुमानें मरत नाहीं. परंतु ग्रंथांचें नवें मुद्रण थांबलें, पाठ करणारे थकले, आणि जो झरा इतक्या जोरानें वाहूं लागला होता तो आटला. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्यांनंतर ‘क्रिस्तपुराण’ पुन्हां छापलें गेलें तें एकदम १९०७ सालीं, मंगळूर येथें, हस्तलिखितांच्या आधारें. ज्या वर्षीं जळगांवास मराठी कवि एकत्र जमले तेंच हें वर्ष.

म्हणजे ज्या काळांत आपल्या देवमंदिरांत मिस्सा लॅटिनमध्यें चाले व आपलें मराठी पुराण अडगळींत पडलें होतें, त्याच काळांत प्रोटेस्टंट मंडळींतील एका पाद्रीनें तोच धागा आपल्या हातानें पुन्हां उचलला. १९०९ च्या सुमारास त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतलें. स्टीफन्स व टिळक यांच्यामध्यें तीनशें वर्षांचें अंतर, पंथाचा भेद, जन्मभूमीचा भेद. तरी दोघांचा निर्णय एकच होता. ख्रिस्ताची कथा मराठी माणसास मराठीच्याच सुरांत सांगावयाची.

राहुरी तालुक्याचेंच उदाहरण घ्या. एकीकडे अमेरिकन मिशनचें ठाणें, जेथें लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. दुसरीकडे केंदळ येथें १८७८ च्या सुमारास आलेल्या जर्मन जेज्विट धर्मगुरूंचें कार्य. दोन्हीकडे त्याच खेड्यांतील, त्याच समाजांतील, कधीं तर एकाच भाऊबंदांतील माणसें. आणि दोन्ही मंडळ्यांमध्यें सलोख्यापेक्षां चढाओढच अधिक. एकाच प्रभूचें नांव घेणारे शेजारी एकमेकांच्या उंबऱ्याशीं थबकत, ही आपल्या इतिहासांतील दुःखाची गोष्ट आहे; तिचा दोष एकाच बाजूस देतां येत नाहीं.

देवाचा दरबार

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनीं आणखी एक पाऊल उचललें. ख्रिस्ती मंडळी परदेशी पैशावर व परदेशी व्यवस्थेवर फार विसंबून आहे आणि त्यामुळें देशबांधवांस ख्रिस्त परका वाटतो, ही सल त्यांस बोंचत होती. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडिली व साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ नांवाचा बंधुसंघ काढिला. ख्रिस्तास गुरु मानणारे सर्व, बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, यांनीं एकत्र यावें अशी त्यांची कल्पना होती. प्रपंच तंगीचा असतां हातची मिळकत सोडणें हें पंचावन्नाव्या वर्षीं सोपें नव्हतें, आणि त्याचीही झळ लक्ष्मीबाईंसच लागली.

या बाबतींत आम्ही त्यांच्याशीं सर्वस्वीं सहमत आहों असें म्हणतां येणार नाहीं. बाप्तिस्मा हा ख्रिस्तसभेचा दरवाजा आहे अशी आपली श्रद्धा आहे, आणि भक्तीची ऊब कितीही असली तरी संस्काराची जागा ती घेऊं शकत नाहीं. परंतु मतभेद असला म्हणून त्यामागची तळमळ नाकारावी कां? येशूचें नांव घेतांच शेजाऱ्यास परदेशी टोपी आठवावी, हें त्यांस सहन होत नव्हतें. तें आपणांसही होऊं नये. त्यांच्या विचारांनीं प्रभावित झालेले अँग्लिकन धर्मगुरु जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला व १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें. दरबार फार काळ टिकला नाहीं. त्यामागचा प्रश्न टिकला.

अखेर आणि पूर्ति

९ मे १९१९ रोजीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत टिळकांचें देहावसान झालें. ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. दहा-अकरा अध्यायांपुढें तें गेलें नव्हतें. आतां येथें या चरित्राची सर्वांत हृद्य घटना येते. जिला लहानपणीं शाळा ठाऊक नव्हती, जिला पतीनें अक्षरें शिकविलीं, जिला त्या पतीच्या धर्मांतरानें एकदां उघड्यावर आणिलें होतें, त्या लक्ष्मीबाईंनीं तें महाकाव्य हातीं घेतलें व साठांहून अधिक अध्याय स्वतः रचून तें पुढें नेलें. १९३६ सालीं त्या निवर्तल्या. ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. १९३४ पासून भागशः निघालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ तर मराठी आत्मचरित्रांचा मुकुटमणि मानलीं जातात. पतीचे गुण व अवगुण दोन्ही त्यांत हंसत हंसत सांगितले आहेत, आणि कोठेंही कडवटपणा नाहीं. टिळकांच्या श्रद्धेची खरी परीक्षा त्यांच्या घरांत झाली, आणि तीस उतरल्याचा दाखला खुद्द लक्ष्मीबाईंनीं दिला, असें आम्ही समजतों.

आपण काय घ्यावें

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणेनें मातृभाषेस उपासनेंत स्थान मोकळें करून दिलें, आणि ज्या देशांस स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिचा आदर करण्यास सांगितलें. २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्याविषयींच्या आदेशांत, विभक्त बंधूंपाशीं जें खरोखर ख्रिस्ती धन आहे तें कॅथॉलिकांनीं आनंदानें मान्य करावें, असें स्पष्ट म्हटलें. आज आपल्या मराठी मिस्सेंत पेटी, तबला व टाळ वाजतात, अभंगाच्या चालीवर स्तोत्रें होतात, आणि हें सर्व आपणांस इतकें स्वाभाविक वाटतें कीं, तें कधीं अशक्य होतें हें लहान मुलांस सांगूनही पटत नाहीं. हा स्वाभाविकपणा आयता आलेला नाहीं. रायतूरच्या धर्मगुरूंनीं तो पेरला, आपण तो गमाविला, आणि नगरच्या पाद्रींनीं तो मराठी ख्रिस्ती ओठांवर पुन्हां आणला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हां ख्रिस्ती माणूस मराठीच्या घरांत पाहुणा नाहीं, घरचा आहे, हीच गोष्ट पुन्हां सिद्ध झाली.

महोत्सवांत आपण भिंतींचीं वर्षें मोजतों, तें योग्यच आहे. परंतु भिंतींच्या आंत जें गाइलें जातें त्याचेंही एक वय असतें, व त्यासाठींही कोणीं तरी घाम व अश्रु गाळलेले असतात. पुढील पिढीस आपण वास्तूबरोबर गाणेंही द्यावयाचें आहे. आज पुष्कळ घरांतून मुलें मराठी बोलतात परंतु वाचीत नाहींत. प्रार्थना पाठ असते, तिचे शब्द मात्र समजत नाहींत. अशा वेळीं संध्याकाळीं रोझरीनंतर आजीनें नातवास एखादा अभंग शिकविला, महिन्यांतून एकदां धर्मग्रामांत भजनाची बैठक भरली, ‘क्रिस्तपुराणा’चा वा ‘ख्रिस्तायना’चा एखादा अध्याय मोठ्यानें वाचला गेला, तर त्यास खर्च कांहीं येणार नाहीं, आणि स्टीफन्स व टिळक या दोघांचेंही ऋण थोडेंफार फिटेल.

प्रोटेस्टंट शेजाऱ्यांस आम्ही या महोत्सवीं एवढेंच सांगूं इच्छितों कीं, तुमच्या या पाद्रीनें आम्हांसही गावयास शिकविलें. ज्यानें सर्वांच्या एकत्र येण्याचें स्वप्न पाहिलें, त्याच्या आत्म्यास प्रभूच्या दरबारीं चिरशांति लाभो, आणि जें ऐक्य आपल्या वादांनीं साधलें नाहीं तें आपल्या गीतांनीं साधो, हीच परमेश्वरचरणीं आमची प्रार्थना आहे.